पाकिटावरून घर सापडलं पाहिजे

फाल्गुन लागला की आमच्या गल्लीला ठसका लागतो. गच्च्यांवर ब्याडगी नि संकेश्वरी मिरच्या पसरलेल्या, मिरची कांडायच्या डंकापुढं डबे घेऊन बायकांची रांग, आणि घरोघरी वर्षाची चटणी उरकायची घाई. बाहेरगावचे लोक जिला कांदा-लसूण मसाला म्हणतात, तिला आम्ही सांगलीकर नुसती चटणी म्हणतो. माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, गेली पंधरा-सोळा वर्षं गल्लीतल्या वीस-पंचवीस घरांना ही चटणी करून देतात. कुणी पातेलं घेऊन येतं, कुणी स्टीलचा डबा. पैसे कधी रोख, कधी दिवाळीला. धंद्याचा कागद म्हणाल तर उधारीची वही, बस्स.

मध्ये भाचीनं पुण्याला चटणी नेली, ऑफिसात चाखवली, आणि तिथून चाळीस पाकिटांची मागणी आली. पाठोपाठ इथल्या, सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दुकानदारानं विचारलं, "ठेवतो की माल, पण फूड लायसनचा नंबर आहे का?"

आक्का भडकल्या. "चटणीच करत्यात की सगळ्या. आम्ही काय कारखाना काढलाय व्हय?"

घरात हिशेबाचं काम केलेली मी एकटी. त्यामुळं अर्जांची सगळी भानगड माझ्या गळ्यात पडली. ती निस्तरताना जे कळलं ते इथं लिहिते. चटणीच्या जागी तुम्ही भडंग धरा, शेंगदाण्याची चटणी धरा, नाहीतर मिरजेत दवाखान्यांच्या आसपास पेशंटच्या नातेवाइकांना डबे पुरवणारी खानावळ धरा. थोडाफार फरक सोडला तर वाट तीच. यातले आकडे आम्ही कामं केली तेव्हाचे आहेत. सरकार ते अधूनमधून बदलतं, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर बघून घ्या.

आक्कांना मी समजावलं ते असं. शेजारच्या काकूंना चटणी खाऊन काही झालं, तर त्या डबा घेऊन सरळ आपल्या दारात येतील. त्यांना दार माहीत आहे, चटणीत काय घालता ते माहीत आहे, कुठल्या आठवड्यात कांडली तेही माहीत आहे. पुण्यातल्या माणसाला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या हातात फक्त पाकीट. त्या पाकिटावरून त्याला आपलं दार सापडलं पाहिजे, आणि आपल्या दारातून पुढं मिरचीच्या व्यापाऱ्याचंही. खाण्याच्या धंद्यातले निम्म्याहून जास्त नियम एवढ्या एका गोष्टीसाठी आहेत. हे डोक्यात बसलं की कुठला कागद कशाला, ते पाठ करावं लागत नाही.

नोंदणी की परवाना?

मूळ कायदा २००६ चा, अन्न सुरक्षा व मानके कायदा. त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता, आणि फळांच्या पदार्थांना एक आदेश, दुधाला दुसरा, मांसाला तिसरा असा कारभार होता. तो सगळा या एका कायद्यात आला. नियम करते दिल्लीतली एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण. महाराष्ट्रात ते राबवतं अन्न व औषध प्रशासन, ज्याला सगळे एफडीए म्हणतात. जिल्ह्याला अन्न विभागाचे सहायक आयुक्त असतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी.

लोक सरसकट फूड लायसन म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्यासाठी नोंदणी, मोठ्यासाठी परवाना. २०११ च्या नियमावलीनं छोट्याची रेषा वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर आखली. त्याच व्याख्येत उत्पादनाचीही मापं आहेत. दिवसाला १०० किलो किंवा लिटरपर्यंत माल. दुधाचं संकलन असेल तर दिवसाला ५०० लिटरपर्यंत. साताऱ्याकडं घरच्या भट्टीवर कंदी पेढे करणाऱ्यांनी हा दुधाचा आकडा लक्षात ठेवावा. आम्ही अर्ज केला तेव्हा १२ लाखांच्या वर २० कोटींपर्यंत राज्याचा परवाना होता, त्याच्याही वर केंद्राचा.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे मला आक्कांना तीनदा सांगावं लागलं. उलाढाल म्हणजे गल्ल्यात आलेला सगळा पैसा. १२ लाख म्हणजे महिन्याला १ लाख. चटणी ७०० रुपये किलोनं विकली, तर महिन्याला साधारण १४३ किलो. घरातल्या दोन-तीन बायका मिळून करतात तो धंदा या रेषेच्या पुष्कळ अलीकडं राहतो. म्हणजे आपल्याला नोंदणी पुरते.

अर्ज फॉसकॉस नावाच्या सरकारी पोर्टलवर भरायचा. २०२० पासून सगळं तिथंच चालतं. नोंदणीला फॉर्म ए, परवान्याला फॉर्म बी. फॉर्म ए ला लागतं काय? फोटो, ओळखपत्र, जागेच्या पत्त्याचा पुरावा. फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. आम्ही पाच वर्षांची एकदम भरली, ५०० रुपये. आणि याच कामाचे एका ठिकाणी आम्हाला अडीच हजार सांगितले होते! परवान्याची फी धंद्याच्या प्रकारानुसार वर्षाला २००० ते ५००० रुपये, आणि त्याला जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल असले आणखी कागद जोडावे लागतात. तिथं जाणकाराची मदत घेतली तर समजू शकते. नोंदणीसाठी मात्र घरातला बारावीतला पोरगाही पुरे.

फक्त एका रकान्यापाशी थांबा. 'धंद्याचा प्रकार' विचारतात तिथं. तुम्ही पदार्थ स्वतः करता, दुसऱ्याचा आणून पाकिटात भरता, नुसता विकता की शिजवून वाढता, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. करणाऱ्यानं किरकोळ विक्रेता म्हणून नोंद केली, तर नंबर मिळतो, पण तो आपल्या कामाचा नसतो. दुसरं म्हणजे नोंदणी माणसाला नाही, जागेला चिकटते. चटणी घरी होते आणि उद्या गणपती पेठेत गाळा घेतला, तर त्या गाळ्याची वेगळी नोंदणी.

अर्ज गेल्यावर ७ दिवसांत नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा जागा बघायला येतो म्हणून कळवायचं, असं नियम सांगतो. तपासणी काढली तर ३० दिवसांत निर्णय. या मुदतीत कुणीच काही कळवलं नाही, तर छोट्या उत्पादकाला धंदा सुरू करता येतो. हे नियमात लिहिलेलं आहे, पण फार कमी लोकांना ठाऊक असतं.

मग येतो चौदा आकडी नंबर. पहिला आकडा २ असेल तर नोंदणी, १ असेल तर परवाना. दुकानात गेलात की कुठलंही पाकीट उलटं करून बघा. मला तर आता सवयच लागली आहे. ते प्रमाणपत्र जागेत दिसेल असं लावायचं, आणि १ जानेवारी २०२२ पासून नंबर बिलावरही छापायचा.

जाता जाता एक. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्नवाटप करणारेही या छोट्यांच्या व्याख्येत बसतात. मंडळाचा महाप्रसाद करणाऱ्यांनी कान टवकारावेत.

घरचं स्वयंपाकघर चालतं का?

चालतं. आक्कांना सगळ्यात मोठी धास्ती हीच होती की वेगळी खोली बांधा म्हणतील. तसं नाही. नियमांची अनुसूची ४ स्वच्छतेची आहे आणि तिच्यात छोट्यांसाठी वेगळा भाग आहे. त्यात मागतात त्या गोष्टी नीटनेटक्या सुगरणीला नव्या नाहीत. पिण्याजोगं पाणी, धुता येईल अशी फरशी, झाकलेलं सामान, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, झाकणाची कचरापेटी, बांधलेले केस, कापलेली नखं. जखम किंवा सांसर्गिक आजार असलेल्यानं पदार्थाला हात लावायचा नाही. अन्न हाताळणाऱ्या माणसाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराच्या गटातल्या आजारांवर लस, हे मात्र घरगुती धंद्यात कुणी करत नाही. आम्ही केलं. डॉक्टरांनी दाखला देताना विचारलं, "चटणी कधी मिळणार?"

तळणाचा धंदा असेल तर तेलाचा नियम बघा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं, तर १ जुलै २०१८ पासून ते तेल वापरायला बंदी आहे. दिवसाला ५० लिटरच्या वर तेल लागत असेल तर त्याची नोंदवही ठेवावी लागते. आणि वर्तमानपत्राच्या कागदात भडंग बांधून देणं, कितीही जुनी सवय असली, तरी आता बेकायदेशीर आहे. छपाईची शाई खाण्यात उतरते.

गॅसचंही सांगते. घरगुती लाल सिलिंडरवर धंद्याचा माल करायला परवानगी नाही, त्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. खर्च मांडताना हे विसरलात तर भाव चुकतो.

पाकीट, म्हणजे खरी परीक्षा

आमचं घोडं इथं अडलं. मोठ्या हौसेनं एक हजार स्टिकर छापून घेतले. लाल रंग, वर डंकाचं चित्र, खाली मराठीत सगळा मजकूर. 'शुद्ध, पारंपरिक, सांगलीची चटणी'. ते हजारच्या हजार रद्दीत गेले. दोष छापणाऱ्याचा नाही, त्याला आम्ही दिलं ते त्यानं छापलं. चुका अशा होत्या.

पहिली, भाषा. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवी. मराठी शेजारी खुशाल छापा, पण नुसती मराठी चालत नाही. अन्नाच्या लेबलचे २०२० चे नियम हेच म्हणतात आणि वजन-मापाचे २०११ चे नियमही हेच. मराठी मुलखात विकायची वस्तू आणि मराठी पुरत नाही, हे वाचून मलाही राग आला. पण रागानं स्टिकर वाचत नाहीत.

दुसरी चूक 'शुद्ध' आणि 'पारंपरिक'. दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत. शुद्ध, नैसर्गिक, ताजं, अस्सल, पारंपरिक असले शब्द कधी वापरता येतात याच्या त्यात अटी आहेत. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल आणि त्यानं गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्यासारखी असेल, तर 'हे फक्त ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचं खरं स्वरूप नव्हे' अशा अर्थाची ओळ छापावी लागते. नाव ठरवतानाच हा विचार करा. आणि 'मधुमेह बरा होतो', 'गुडघेदुखी जाते' असलं तर चुकूनही लिहू नका. रोग बरा करण्याचा दावा अन्नाच्या पाकिटावर करायला बंदी आहे.

तिसरी गंमत 'सांगलीची' या शब्दाची. चटणीला हरकत नाही. पण उद्या हळद भरायला लागलो असतो, तर भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे गावाच्या मालाला कायद्यानं राखून दिलेल्या नावाचा, प्रश्न आला असता. सांगलीच्या हळदीला ते २०१८ मध्ये मिळालं, बेदाण्याला त्याआधी २०१६ मध्ये. १९९९ च्या कायद्याप्रमाणे मानांकित नाव वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. पत्त्यात सांगली लिहायला अर्थातच कुणी अडवत नाही.

मग पाकिटावर हवं काय? पदार्थाचं नाव, आणि नाव असं की परक्याला कळावं. आमच्या गल्लीत 'चटणी' म्हटलं की भागतं, पण पुणेकराला ती ताटात डावीकडं वाढायची ओली चटणी वाटेल. म्हणून आम्ही 'कांदा-लसूण मसाला' लिहिलं. आक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. मग घटक, जास्त वजनाचा आधी आणि कमी वजनाचा शेवटी. इथं आक्कांचं गुपित फुटेल की काय अशी भीती होती, पण प्रमाण लिहायचं नसतं, फक्त क्रम. शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनात हिरवा गोल. निव्वळ वजन. एमआरपी, सर्व करांसह. ग्रॅममागे किती रुपये पडले ते. बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं ती तारीख. करणाऱ्याचं नाव नि पूर्ण पत्ता. तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. एफएसएसएआयचं चिन्ह आणि तो चौदा आकडी नंबर. ॲलर्जीची सूचना, म्हणजे शेंगदाणा, दूध, गहू, सोयाबीन यांसारखं काही असेल तर ते ठळक वेगळं. शेंगदाण्याची चटणी करणाऱ्यांनी 'नावातच शेंगदाणा आहे की' म्हणून ते सोडू नये.

बॅच नंबर म्हणजे काही तरी मोठं, असं आक्कांना वाटायचं. मी म्हटलं, "ज्या दिवशी कांडली त्या दिवसाचा आकडा, बस्स." एक वही केली. तारीख, मिरची कुणाकडून, खोबरं कुणाकडून, किती किलो झाली, कुणाला गेली. उद्या एका पाकिटाला बुरशी आली असं कुणी कळवलं, तर त्या दिवसाची सगळी पाकिटं कुठं आहेत ते पाच मिनिटांत कळतं. नाहीतर सगळाच माल परत बोलवावा लागला असता.

'कधीपर्यंत खावं' ही तारीख सरकार सांगत नाही, करणाऱ्यानं ठरवायची असते. आक्का म्हणाल्या, "लिही की वर्ष. वर्षाचीच तर करतोय." पण बरणीत घट्ट दाबून, वरून हिंग ठेवलेली चटणी वेगळी, आणि दुकानाच्या काचेत उन्हाला तापणारं पाकीट वेगळं. आमच्या चटणीत कांदा, लसूण, कोथिंबीर, खोबरं आणि तेल. कांद्यात पाणी राहिलं तर बुरशी, खोबरं-तेलाला हवा लागली तर खवट वास. आम्ही दर महिन्याला एक पाकीट उघडून बघत सहा महिने काढले, एकदा प्रयोगशाळेत दिलं, आणि चार महिने छापले. ज्याला यात घाई करायची आहे त्यानं पापड करावेत.

वजनाचं खातं अन्नवाल्यांचं नव्हे, वैधमापनशास्त्र विभागाचं. पाकीटबंद माल भरणाऱ्यानं त्यांच्याकडं नोंदणी करायची, भरायला लागल्यापासून ९० दिवसांत, फी ५०० रुपये. इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यायचा. खाद्यपदार्थाचा धंदा म्हणजे फक्त एफएसएसएआय असं समजून लोक हे खातं विसरतात. लेबलच चुकीचं असेल, तर अन्न कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे. छोट्याला एवढा लावतीलच असं नाही, दंड ठरवताना फायदा किती झाला, चूक पुन्हा पुन्हा होते का, हे बघायचं असतं. पण स्टिकरला लागतात तितके पैसे त्यापुढं काहीच नव्हेत.

आणि हो, दळलेले मसाले सुटे विकायचे नाहीत, पॅक करूनच विकायचे, हाही २०११ चाच नियम आहे. म्हणजे पातेल्यातली विक्री बंद. हे मी आक्कांना सगळ्यात शेवटी सांगितलं.

म्हैसाळच्या पुढं जीएसटी

नुसता माल विकणाऱ्याला आपल्याकडं वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटीची नोंदणी लागत नाही. खानावळ, हॉटेल, केटरिंग यांना ही रेषा २० लाखांची. आइस्क्रीम हाही माल असला, तरी त्याला ४० लाखांची सवलत नाही, तिथंही २० लाखच. खानावळवाला मोबाइलवरच्या डिलिव्हरी कंपन्यांमार्फत विकत असेल, तर त्या ऑर्डरींवरचा कर १ जानेवारी २०२२ पासून ती कंपनीच भरते.

सांगली-मिरजेच्या लोकांचा घोळ होतो तो वेगळ्याच जागी. ४० लाखांची सवलत राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. माल दुसऱ्या राज्यात पाठवला, की पहिल्या रुपयापासून नोंदणी. आता मिरजेहून पुढं म्हैसाळ, आणि म्हैसाळच्या पुढं कागवाड. नातीगोती इकडंतिकडं सारखीच, बोली सारखीच, पण कागवाड कर्नाटकात. पुण्याला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर चटणी पाठवली तर नोंदणी नको, आणि कागवाडच्या दुकानदाराला पार्सल केली तर हवी! आम्ही तूर्त कागवाडला नाही म्हटलं. वाईट वाटलं, कारण तिकडं आक्कांचं माहेर आहे.

नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही, हेही लक्षात ठेवा. एका मैत्रिणीनं 'बिल भारी दिसावं' म्हणून लावला होता.

साहेब नमुना न्यायला आले तर

याचीच लोकांना जास्त भीती असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला जागा बघायचा आणि नमुना घ्यायचा अधिकार आहे. तो नमुना फुकट नेत नाही. बाजारभावानं पैसे द्यायचे, असं कायद्यातच आहे. नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक विश्लेषकाकडं जातो, दोन वरिष्ठ अधिकाऱ्याकडं राखून ठेवतात. चौथा? तो तुमच्या हक्काचा. तुम्ही मागणी केलीत, तर तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तुमच्या खर्चानं तपासायला पाठवतात. मागितला नाही तर नाही. म्हणून घाबरून 'काय करायचं ते करा साहेब' म्हणू नका. चौथा भाग मागा, पंचनामा वाचा, मग सही करा.

विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो विरोधात गेला, तर ३० दिवसांत अपील करता येतं. जागेत, स्वच्छतेत त्रुटी निघाल्या तर आधी सुधारणा नोटीस देतात, आणि सुधारायला किमान १४ दिवस मिळतात. पहिल्या भेटीत कुलूप लागतं ही ऐकीव गोष्ट आहे. नोंदणीच नसेल तर मात्र बोलायला जागा उरत नाही.

इथं पक्क्या बिलाची किंमत कळते. समजा, मिरचीपुडीत रंग निघाला. मसाल्याच्या पुडीत बाहेरून रंग घालायला मुळीच परवानगी नाही. आता तो रंग तुम्ही घातला की व्यापाऱ्याकडून आला? 'दरवर्षीचाच व्यापारी आहे हो' हे उत्तर कुठं टिकत नाही. त्याच्या नोंदणीचा नंबर असलेलं, मालाची हमी देणारं बिल असेल, तर बोट पुढं सरकतं. विकणाऱ्यानं घेणाऱ्याला लेखी हमी द्यावी, हे कायद्यानंच सांगितलं आहे. आक्कांचा मिरचीवाला वीस वर्षांचा. बिल मागितलं तेव्हा तो म्हणाला, "आक्का, माझ्यावर इश्वास न्हाई व्हय?" आक्का म्हणाल्या, "तुझ्यावर हाय. तू कुणाकडनं आणतोस त्याच्यावर न्हाई." तेव्हापासून बिल मिळतं. आम्ही तर आता अख्खी मिरची घेतो, देठ खुडून, उन्हात घालून स्वतः कांडून आणतो. अख्ख्या मिरचीत लबाडी करायला जागा कमी.

उरलेले कागद, झटपट

शॉप ॲक्ट, म्हणजे दुकानं व आस्थापनांचा कायदा: २०१७ च्या कायद्यानं घरची दोन-चार माणसं असलेल्या धंद्याला नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची, पावती ठेवायची. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची केंद्राकडची नोंद: १ जुलै २०२० पासून आहे, आधार नंबरवर होते, पूर्ण फुकट. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते सरकारी नव्हे. महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत गाळा घेणार असाल, तर व्यवसायाचा दाखला किंवा ना हरकत काय लागते ते तिथंच विचारा, हे गावागणिक बदलतं. आणि गाळा बघताना २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर होतं तेही विचारा. कृष्णेचं पाणी शिरलेली मिरची उन्हात वाळवून वापरता येत नाही, ती टाकूनच द्यावी लागते.

नाव जपायचं असेल तर ट्रेडमार्क. ऑनलाइन अर्जाला एका वर्गाची, म्हणजे मालाच्या एका प्रकाराची, फी एकट्या माणसाला किंवा उद्यम नोंदणी असलेल्याला ४५०० रुपये, इतरांना ९०००. मिळाला की १० वर्षं. घाई नाही, पण नाव आधीच कुणाचं नाही ना हे स्टिकर छापण्याआधी शोधा, ते फुकट शोधता येतं.

कर्जाचं म्हणाल, तर २०२० मध्ये केंद्रानं सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, पीएमएफएमई. आपल्याकडं ती कृषी विभागामार्फत चालते. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान, स्वतःचा वाटा किमान १० टक्के. बचत गटांना सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. अर्ज सध्या घेतात का, ते आधी विचारा. अर्ज भरायला जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. फक्त एक समजून घ्या. हे अनुदान कर्जाला बांधलेलं आहे, हातात रोख येत नाही. बँकेत ते वेगळ्या खात्यात पडून राहतं, आणि तीन वर्षं हप्ते नीट भरले तर कर्जात वळतं होतं. 'सरकार दहा लाख देतंय' असं ऐकून मोठं यंत्र घेऊ नका. आक्कांनी घेतलं ते फक्त सील करायचं हातयंत्र आणि काटा, दोन्ही साठवलेल्या पैशातून.

नवे स्टिकर आले, ते इंग्रजी-मराठी दोन्हींत. पुण्याची चाळीस पाकिटं गेली. विश्रामबागेच्या दुकानात दोन डझन लागली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू नेहमीसारखं पातेलं घेऊन आल्या. आक्कांनी माझ्याकडं बघितलं, आणि अर्ध्या किलोची चार पाकिटं त्यांच्यापुढं ठेवली, बिलासकट. काकूंनी चारही तिथंच पायरीवर बसून फोडली, पातेल्यात ओतली, चमच्यानं दाबून घेतली, आणि रिकामी पाकिटं आक्कांच्या हातात देऊन निघाल्या. बिल घेतलं नाही. "वहीत मांड," म्हणाल्या.